मोजणी नव्याने

"काका, तीन तास होऊन गेले की हो," काउंटरवरची पूजा म्हणाली. "आता लोकांना उतरवायचं ना?"

सोमनाथ गायखेने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं नाही, हातातल्या तक्त्याकडे पाहिलं. "नाही झाले. बारा पन्नासला कॅप्टनने नवीन वेळ दिली. मोजणी तिथून."

"म्हणजे सकाळी दहा पाचला उतरलेलं विमान आत्ता वीस मिनिटांपूर्वी आलंय, असं धरायचं?"

"तसं धरायचं."

"भारीच. मग माझं वयपण असंच मोजा. दर वाढदिवसाला नव्याने."

सोमनाथ हसला नाही. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. काचेपलीकडे, विमानं उभी करायच्या फरशीच्या टोकाला, लखनऊहून मुंबईला निघालेलं विमान उन्हात उभं होतं. मुंबईची हवा पहाटेपासून धुरकट, उतरायला रांग लागलेली. म्हणून ते नाशिककडे वळवलं होतं. आत एकशे चौऱ्याहत्तर माणसं. मुंबईहून 'या' असा निरोप आला की वीस मिनिटांत निघायचं, असं कॅप्टन दहा चाळीसपासून सांगत होता. दर वेळी वीसच.

असं विमान अडकून पडलं तर काय करायचं, याचा अठरा पानी आराखडा सोमनाथच्या कंपनीकडे होता. विमानांना शिडी लावणं, सामान चढवणं-उतरवणं, पाणी पुरवणं ही कंपनीची कामं. आराखडा सोमनाथने लिहिला होता. दर मार्चमध्ये तो तारखा बदलून पुन्हा सहीला पाठवायचा. दोन तासांनी पाणी, अडीच तासांनी खाणं, तीन तासांनी शिडी लावून प्रवाशांना इमारतीत आणणं. आणि कलम अकरा: वैमानिकाने निघण्याची नवीन वेळ जाहीर केल्यास मोजणी नव्याने सुरू होईल. सहा वर्षांपूर्वी तपासणीत वेळ न पाळल्याचे शेरे यायला लागले, तेव्हा साहेब म्हणाले होते, "गायखे, काहीतरी शब्द बसव." त्याने एका दुपारी बसवले. वाक्य सरळ होतं, शुद्धलेखन बिनचूक होतं. साहेबांनी पाठ थोपटली होती.

शब्द बसवणं हेच त्याचं काम. अंबडच्या कारखान्यात अकरा वर्षं कारकुनी, कारखाना बंद पडल्यावर इथे. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते. ते कॉलनीतल्या घरात वारले, तेव्हा सोमनाथ कारखान्यात होता. रजेचा अर्ज लिहून, त्यावर शिक्का घेऊन मगच तो निघाला होता. नंतर कुणी काही बोललं नाही. त्यालाही तेव्हा काही वाटलं नव्हतं.

"तेवीस अ-चं काय करायचं?" पूजाने विचारलं.

तेवीस अ म्हणजे त्या सीटवरच्या तबस्सुम शेख. साडेदहालाच हवाई सुंदरीने वॉकीटॉकीवर कळवलं होतं. बाईंचे वडील पहाटे सटाण्याला वारले. मुंबईला उतरून गाडीने सहा तास जाणार होत्या. विमान नाशिकला उतरतंय म्हटल्यावर त्यांनी हात जोडले म्हणे. इथून सटाणा दोन तासांवर. मयत असरच्या नमाजेनंतर, पाच वाजता उचलायची होती. त्यांना इथेच उतरायचं होतं.

सोमनाथने एकच प्रश्न विचारला होता. "खाली सामान किती?"

"एक बॅग."

तिथेच अडलं. प्रवासी उतरला की त्याची बॅग उतरलीच पाहिजे. माणसावाचून बॅग उडत नाही. विमानाच्या पोटातल्या दीडशे बॅगांतून एक शोधायची, कंपनीचे हमाल सहा, म्हणजे चाळीस मिनिटं. कॅप्टन म्हणाला, मी वीस मिनिटांत निघतोय, चाळीस कुठून देऊ? मुंबईच्या रांगेतला माझा नंबर गेला तर बाकीच्यांनी काय करायचं? त्याचंही खोटं नव्हतं. सोमनाथने मनात हिशेब मांडला होता: आत्ता लागलो तर अकरा वीसला बॅग बाहेर. मग अकरा वीसही वाजून गेले.

पावणेदोनला काउंटरपाशी एक तरणा माणूस आला. डोक्यावर जाळीची टोपी, पायात घरातल्याच चपला.

"साहेब, ती लखनऊची फ्लाइट. माझी आपा आहे त्यात. तबस्सुम. मी ओवेस."

"वीस मिनिटांत कळेल," सोमनाथ म्हणाला.

"बारा वाजल्यापासून गेटवर हेच ऐकतोय. गेटवरचा पण वीस म्हणतो, तुम्ही पण वीस. घड्याळ एकच हाय का सगळ्यांचं?" ओवेसने काचेला बोट लावलं. "ते बघा ना. दिसतंय ते विमान. आमच्या सटाण्याच्या स्टँडवर एसटी याच्यापेक्षा लांब उभी राहते. चालत जाऊन घेऊन येतो मी."

"तसं नाही जाता येत."

"मग तुम्ही आणा."

पूजाने मान खाली घातली. सोमनाथ म्हणाला, "बॅग उतरवावी लागते."

"ठेवून घ्या बॅग! दोन ड्रेस असतील तिच्यात. तिकडं लखनऊला काउंटरवरची पोरगी म्हणाली, द्या मॅडम, फुकट घेते, म्हणून दिली तिनं. साहेब, मी एकुलता एक मुलगा. अब्बाला कबरीत उतरवायला मी लागतो. आणि ती आल्याशिवाय मी जात नाय. तोंड बघायचंय तिला. पावणेतीनला निघालो तर पोचतो. त्याच्यानंतर नाय."

तो बाकावर बसला नाही. काचेपाशी उभा राहिला.

सोमनाथने आत जाऊन साहेबांना फोन लावला. त्याने असा फोन कधी केला नव्हता, त्यामुळे साहेब आधी घाबरले.

"साहेब, मोजणी पहिल्या मिनिटापासून धरली तर चार तास होत आलेत. लोकांना खाली घेता येईल. मग बॅगही काढता येईल."

"पहिल्या मिनिटापासून का धरायची?"

"विमान तेव्हापासून उभं आहे."

"गायखे, कलम अकरा कोणी लिहिलं?"

"मी."

"मग? आज तूच मोडलंस तर गेल्या सहा वर्षांचे सगळे तक्ते उघडतील. कोणाच्या सह्या आहेत त्यांच्यावर? तुझ्या. दोन वर्षं राहिलीत ना रिटायरमेंटला? पाणी पाठव सगळ्यांना. बाईंना दोन बाटल्या जास्त दे."

सोमनाथने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. आपल्याला राग आला असेल असं वाटून त्याने क्षणभर वाट पाहिली. राग आला नाही.

दोन पंचवीसला पाण्याचे खोके घेऊन शिडी निघाली. खोक्यांबरोबर वर जाणं त्याचं काम नव्हतं. तो गेला.

दार उघडलं तशी आतली कोंदट, उबलेली हवा बाहेर आली. एक मूल एकसुरी रडत होतं. दारातच, हवाई सुंदरीच्या मागे, पन्नाशीच्या आतली एक बाई उभी होती. खांद्याला पर्स, पायात बूट घट्ट बांधलेले. सकाळपासून ती अशीच तयार असावी.

"भाऊ, तुम्ही इथले साहेब का?"

"मी आराखडा बघतो."

"मला एवढंच सांगा. किती वेळ?"

वीस मिनिटं, हे शब्द तोंडात तयार होते. आज दिवसभर ते आपोआप निघत होते. सोमनाथने तिच्या बुटांकडे पाहिलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "कुणालाच माहीत नाही. पण पावणेतीनच्या आत तुम्ही उतरत नाही. आत्ता बॅग काढायला घेतली तरी नाही. सकाळी घेतली असती तर झालं असतं."

हवाई सुंदरीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तबस्सुमने मात्र मान हलवली, भाव सांगितल्यावर गिऱ्हाईक हलवतं तशी.

"हे कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने फोन लावला. "ओवेस, तू नीघ. हां, आत्ता. माझं नाही होत... नाही रे, ऐक. अब्बाला ताटकळत ठेवू नका. मिट्टीला उशीर करायचा नसतो. तू नसलास तर कोण उतरवेल? ... ओवेस. ओवेस, रडू नको, गाडी चालवायची आहे तुला." मग तिने फोन सोमनाथपुढे धरला. "तुम्ही सांगा. मी मोठी असून माझं कधी ऐकलं नाही त्यानं."

सोमनाथने फोन कानाला लावला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"मी गायखे. मघाशी काउंटरला भेटलो तो. तुम्ही निघा. तुमच्या बहिणीला इथून सोडता येत नाही."

"तुम्ही खरं बोलताय का आता?"

"हो."

"मग मघाशी काय बोलत होते?"

फोन तिकडून बंद झाला. सोमनाथने तो तबस्सुमला परत दिला. थोड्या वेळाने इमारतीच्या पलीकडे, पार्किंगमधून एक पांढरी गाडी मागे येताना दिसली, वळली आणि महामार्गाकडे गेली. तबस्सुमनेही ती पाहिली. ओळखली की नाही, कळलं नाही.

खोके आत गेले. हवाई सुंदरी म्हणाली, "मॅम, दार लावायचंय."

"सटाणा कोणत्या बाजूला येतं इथून?" तबस्सुमने विचारलं.

सोमनाथने शिडीवरून हात लांब केला. "ते चांदवडचे डोंगर दिसतात ना, त्यांच्या पलीकडं. जरा डावीकडं."

तिने ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि दोन्ही तळहात छातीपाशी उघडे धरले. ओठ हलत होते. सोमनाथच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला, खालून कोणी शिडी मागत होतं. त्याने आवाज बंद केला आणि एक पायरी खाली उतरून उभा राहिला. हवाई सुंदरीचा हात दाराच्या मुठीवर होता. तिने तो हलवला नाही.

मग तबस्सुमने तळहात चेहऱ्यावरून फिरवले आणि आत वळली. दारातून सोमनाथला मधल्या वाटेने जाणारी तिची पाठ दिसली. तेवीसच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ आणि एक कॉलेजची मुलगी बसले होते. दोघांनी उठून तिला खिडकीकडे जाऊ दिलं. ती बसली, तिने पट्टा बांधला. ते दोघे मात्र उभेच राहिले.