बोर्गहिल्डच्या बाजूचा दिवा

"एइलेर्ट, ही गाडी आता मासे वाळवायच्या मांडवावर टांग," स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलेली गाडीची बटणं आणि वायरी बघून शेजारचा स्टेइनार म्हणाला. "दुरुस्त काय करतोस?"

एइलेर्टने कानाआड केलं. उभा जन्म फेरीबोटीवर गाड्या चढवण्यात गेल्यामुळे लोकांच्या शेऱ्यांची त्याला सवय होती. त्याच्या चिमट्यात तांदळाच्या दाण्याएवढा एलईडी होता. सीट गरम करायच्या बटणामागचा जुना बल्ब गेला होता, आणि गेला तोही नेमका बोर्गहिल्डच्या बाजूचा.

बोर्गहिल्ड, त्याची बायको, वृद्धांच्या केंद्रात राहत होती. ती त्याला ओळखत नव्हती. गाडीला मात्र ओळखायची. तिला गारठा सोसत नाही म्हणून एइलेर्ट पहिल्यापासून ती यायच्या आधीच तिची सीट तापवून ठेवायचा. अजूनही रविवारी ती गाडीत बसली की अंधारात तिचं बोट आपसूक त्या हिरव्या उजेडावर जायचं आणि चेहरा निवळायचा. मग फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, कडेने चक्कर, थर्मासमधली कॉफी, तपकिरी चीज घातलेले वाफल. बल्ब गेल्यापासून ते बोट नुसतं चाचपडत राहायचं, आणि ती रडवेली होऊन घरी सोडा म्हणायची. हिवाळाभर या फेऱ्या बंदच ठेवू या, असं नर्सने हळुवारपणे सुचवलंही होतं. सगळा आठवडा एइलेर्ट त्या तासाभराच्या आशेवर काढायचा.

त्याने एलईडी खोबणीत बसवून बॅटरीला जोडला. उजेड पडेना.

"उलटा लावलायस," स्टेइनार म्हणाला. "जुन्यासारखा कसाही चालत नाही हा."

फिरवून लावल्यावर तो लागला, पांढरा लख्ख. तू गेलास तरी हा जळत राहील बघ, असं म्हणून स्टेइनारने कॉफी संपवली. आवराआवरीत जुना बल्ब कॉफीच्या चोथ्याबरोबर ओल्या कचऱ्यात गेला.

उत्तरेकडचा हिवाळा, त्यामुळे रविवारी दुपारीही बाहेर काळोखच होता. बोर्गहिल्ड गाडीच्या दारातून वाकली आणि तशीच मागे सरली.

"ही आमची गाडी नाही," ती म्हणाली. "आमच्या गाडीत हिरवं असतं."

तिने काही केल्या पाय आत टाकला नाही. नर्स तिला परत घेऊन गेली. पुढच्या रविवारी एकदा बघू, नाहीतर राहू दे, एवढंच ती एइलेर्टला म्हणाली.

घरी आल्यावर अंगातला कोटही न काढता त्याने कचऱ्याची पिशवी वर्तमानपत्रावर ओतली. बटाट्याच्या साली बाजूला करत करत बल्ब सापडला. त्यावर हिरव्या रबराची इवलीशी टोपी होती. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, बटणाची काचच हिरवी आहे. नखाने ती त्याने अगदी सावकाश सोलली, कारण फाटली असती तर तसली दुसरी आता मिळणार नव्हती. ती फाटली नाही. धुऊन, पुसून त्याने ती एलईडीवर चढवली.

पुढच्या रविवारी त्याने नेहमीप्रमाणे सीट आधीच तापवून ठेवली. बोर्गहिल्ड वाकली, थांबली आणि आत बसली. बोट बटणावर गेलं. मग तिने सीटवर हात फिरवला आणि त्याच्याकडे वळून बघितलं.

"माझा नवरा अशीच तापवून ठेवायचा," ती म्हणाली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यानेच."

गाडी केंद्राच्या फाटकाबाहेर पडली.

"भला माणूस. बऱ्याच दिवसांत आला नाही," ती म्हणाली. "भेटला तर सांगाल ना, मी इथे आहे म्हणून?"

एइलेर्टला तिचा हात हातात घ्यावासा वाटला. ती घाबरेल म्हणून त्याने दोन्ही हात स्टीअरिंगवरच ठेवले.

"सांगतो," तो म्हणाला.