उघड्या दाराचं घर

मूदीने फिंजान ओठाला न लावताच गालिच्यावर ठेवला. बिनकानाचा चिमुकला कप कॉफीने काठोकाठ भरलेला. ठेवताना दोन थेंब सांडलेच.

"कुठे वाढलीस गं तू?" ओतणाऱ्या बाईला तिने विचारलं. "पाहुण्याला तळाशी घोटभर द्यायची असते. भरून देतात ती नकोशा माणसाला. पी आणि चालता हो, म्हणून."

बाई चाळिशीची, डोळे सुजलेले. "चुकलं, मावशी."

"आणि वेलची? ढगाला भिडणारे मनोरे बांधता, अन् कॉफीत वेलची टाकायला हात धजत नाही? आईने शिकवलं नाही काही?"

बाईने कप उचलला, लांब चोचीची किटली घेतली आणि ती आत गेली. भिंतीला टेकून बसलेल्या सात-आठ काळ्या बुरख्यांपैकी एकही हलला नाही. शहरातल्या बायका, हिंडून दमल्या असतील, असं मूदीने ठरवून टाकलं.

हाईलजवळच्या खेड्यातून ती चार दिवस राजधानी बघायला आली होती. इथे शिकणारी नात, रीम, तिला हिंडवत होती. काल सर्वांत उंच मनोऱ्याच्या टोकाला नेलं, तर मूदीने डोळे गच्च मिटून घेतले आणि खाली आल्यावर म्हणाली, "यापेक्षा आमचा डोंगर बरा." आज मातीच्या जुन्या घरांची वस्ती बघायची होती. तिथलं एक घर पूर्वीसारखं मांडून ठेवलंय, दार उघडंच असतं, येईल त्याला कॉफी देतात, असं रीमने सांगितलं होतं. रीम फोटो काढत मागे रेंगाळली. मूदीला पहिलंच उघडं दार दिसलं आणि मोठ्याने सलाम करत, हाईलहून आल्याचं समोरच्या बाईला सांगत ती आत शिरली. उघड्या दारापाशी वाट बघत उभं राहणं तिला ठाऊकच नव्हतं.

बाई परतली. वेलचीचा वास आधी आला. या वेळी तिने बेताने, घोटभरच ओतली.

"हं! आता कशी माणसात आलीस," म्हणत मूदीने कप हातात घेतला.

तेवढ्यात रीम आली. दारातच थबकली, बायकांकडे पाहिलं, आणि लगबगीने येऊन आजीच्या कानाशी वाकली.

"आजी, ऊठ. ते घर पुढच्या वळणावर आहे. हे लोकांचं राहतं घर. यांची आई परवा वारली."

कप मूदीच्या हातातच राहिला. पिववेना, ठेववेना. गावात कुठेही मयत झाली की आधी तिला बोलावणं यायचं. उंबऱ्यावर काय म्हणायचं, किती वेळ बसायचं, सगळ्या सुनांना तिनेच शिकवलं होतं.

"पोरी, मी..." ती पुटपुटली.

"या कोण गं, लुलुवा?" पलीकडून जाड चष्म्याच्या म्हातारीने कॉफी ओतणाऱ्या बाईला विचारलं.

रीमने पायाच्या बोटांकडे नजर लावली.

"आईच्या लहानपणच्या मैत्रीण," लुलुवा शांतपणे म्हणाली. "हाईलहून आल्यात, एवढ्या लांबून."

बायका सरकल्या. कोणीतरी मूदीच्या पाठीशी लोड लावला, कोणी खजुराचं ताट पुढे केलं. कालपासून कुणाला मिळाला नसेल एवढा मान.

"म्हणजे तुम्ही तिला लग्नाआधीची पाहिलेली!" म्हातारीचा आवाज ओला झाला. "आम्हाला ती इथे आल्यावरच माहीत. सांगा ना, कशी होती?"

सगळी तोंडं तिच्याकडे वळली. किटली हातात धरून लुलुवाही बघत राहिली.

मूदीला आजवर कधी उत्तर शोधावं लागलं नव्हतं. तिने डोक्यावरची ओढणी कपाळाच्या खाली ओढली.

"तिने लेक चांगली वाढवली," ती म्हणाली. "मला एवढंच ठाऊक आहे."