विल्माबाईंना दिलेली दाद

म्युनिकच्या श्वाबिंगमधल्या एका तळघरातल्या क्लबात विल्मा ग्रेव्ज जॅझ गायच्या. १९५९ साली मी आणि यशवंत तिथं इंजिनिअरिंग शिकत होतो. यशवंत देशपांडे मिरजेचा, मैफलींत लहानाचा मोठा झालेला. गाणारीला 'बाई' म्हणायचं हे त्याच्या अंगवळणी पडलेलं, म्हणून त्या आमच्या विल्माबाई.

अमेरिकेत काळ्या म्हणून त्यांना हॉटेलवाले मागच्या दारानं आत घेत. इथं पुढचं दार उघडं होतं, पण पियानोवर कुणी बसू देईना. "लोकांना तुमचा ड्रेस दिसायला हवा," म्हणून क्लबचा मालक त्यांना उभं करायचा आणि पियानो बडवायला कुणीतरी सोनेरी केसांचा ठोंब्या बसवायचा. बाईंच्या हातात काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. दुपारी क्लब रिकामा असताना त्या आमच्यासाठी वाजवत. आपलं गाणं, आपला पियानो, अशी एक तरी रेकॉर्ड निघावी, हा एकच ध्यास होता त्यांना.

शेवटी एक रेकॉर्ड कंपनीवाला तयार झाला. क्लबातच, श्रोत्यांसमोर रेकॉर्डिंग, पियानोवर खुद्द बाई. गाणं संपेपर्यंत कुणी शिंकायचंसुद्धा नाही, असं त्यानं बजावलं. मंडळी चर्चमध्ये बसावं तशी बसली. बाई गाता गाता लय सोडून इतक्या लांब गेल्या की आता काही परत येत नाहीत असं वाटलं, आणि डाव्या हातानं अशा काही नेमक्या जागी उतरल्या की यशवंतनं मांडीवर थाप मारली.

"वाऽऽ! क्या बात है!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहूकडून "प्स्स्ट!" पण बाई हसल्या आणि तीच जागा पुन्हा घेतली, आधीपेक्षा देखणी.

रेकॉर्ड आली. कव्हरवर ताडाची झाडं! बाईंच्या पियानोवर कंपनीनं ढोल चढवले होते, एक सूर ऐकू येईल तर शपथ. यशवंतचा आवाज मात्र ठणठणीत. मागं छापलं होतं, 'जंगलातली अस्सल आरोळी'. मिरजेच्या देशपांड्याची! गाढवाला गुळाची चव काय, म्हणून मी सोडून दिलं असतं. पण रेकॉर्ड धो धो खपली. मालकानं पियानो हलवला, ढोलवाला आणला आणि यशवंतला पुढची खुर्ची दिली.

"गेनाऊ! अगदी तसंच ओरडायचं. बिअर फुकट."

"मी भाडोत्री नाही," यशवंत भडकला.

तेव्हा बाईच त्याच्याजवळ आल्या. "ओरड रे बाबा. लोक आता त्यासाठीच येतात. नाहीतर उद्या मला काढतील."

त्या संध्याकाळी बाई उभ्यानं गायल्या. ढोल त्यांच्या आवाजावर नुसता आदळत होता. मालकानं बोट वर केलं. यशवंतनं माझी नजर चुकवली, मांडीवर थाप मारली आणि "वा" म्हटलं. लोक टाळ्या पिटत उठले, आणि बाईंनी वाकून त्यांचे आभार मानले.