तेवीस नंबरची नजर

कॉरिडॉरच्या टोकाला, जिन्याखालच्या तिरक्या छताची खोली माझी. दारावर 'संशोधन साहाय्य' अशी पाटी आहे, पण पीएचडी करणारी पोरं मला आकडेमावशी म्हणतात. येतात ती आकड्यांची गाठोडी घेऊनच. कुणी मोबाइलवरून शिकवतं, कुणी टॅबलेटवरून, कुणी मुलांच्या पापण्या किती वेळा लवतात ते मोजतं. शिकणं झालं की नाही हे यंत्राला कसं कळावं, हाच सगळ्यांचा ध्यास. मी गाठोडं सोडते, निवडते, पाखडते, परत बांधून देते. प्रबंध जमा व्हायच्या आधी मूळ नोंदी आणि छापलेले तक्ते जुळतात, असा दाखला माझ्याच सहीनं जातो.

सगळ्यांत जुनं गाठोडं लेकुरवाळीचं. हे नावही पोरांनीच ठेवलेलं. नोंदणी केली तेव्हा तिच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. मग सात वर्षांत दोन लेकरं झाली, सासूचं अंथरूण झालं, तीनदा मुदत वाढवून झाली. चौथी वाढ नाही. सोमवारी पाचच्या आत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात. सरांना, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांना, ती घाबरायची. मला नाही. माझ्या डब्यातलं हक्कानं खायची आणि मीठ कमी आहे म्हणून वर मलाच ऐकवायची.

तिचा विषय असा. वर्गात प्रत्येक मुलापुढे टॅबलेट, कानाला हेडफोन. हेडफोनमधून प्रश्न ऐकायचा, पडद्यावरच्या चार चित्रांतलं एक दाबायचं. कुणी कधी काय दाबलं ते यंत्र सेकंदासकट लिहून ठेवतं. मुलांना नावं नाहीत, नंबर आहेत. त्यातला बाविसावा आणि तेविसावा नंबर एका बाकावरचे, दोघी मुली, नऊ-नऊ वर्षांच्या. बावीस नंबर जे दाबेल तेच तेवीस नंबर दाबायची. बरोबर असो, चूक असो, तीन सेकंद मागून, अगदी सावलीसारखी.

ती सावली मीच दाखवली होती. दोन वर्षांपूर्वी, याच खोलीत. 'हे बघ पोरी, तुझं प्रकरण सापडलं,' असं मी म्हटल्याचं मला आठवतं. नक्कल करणाऱ्यांची यादी शाळेला गेली. शाळेनं तेवीस नंबरला उठवून भिंतीकडे तोंड करून एकटीला बसवलं आणि तिचे गुण कड्यावरून दगड पडावा तसे पडले. आलेखावर तो कडा फार देखणा दिसतो. नक्कल यंत्रानं पकडली याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही, असं सर चार लोकांत सांगायचे. प्रबंधाचा कणा तोच.

गुरुवारी मी शेवटची जुळवाजुळव करत होते. एका तासाच्या नोंदीत तेवीस नंबरच्या टॅबलेटनं 'हेडफोन जोडलेला नाही' असं लिहिलं होतं. वर्गात टॅबलेटचा बाहेरचा आवाज बंदच असायचा. म्हणजे प्रश्न तिच्या कानावर पडलेला नाही. तरी वीसपैकी अठरा बरोबर. टॅबलेट बिघडला असेल म्हणून मी त्या तासाचा व्हिडिओ काढला. असे व्हिडिओ कुणी बघत नाही. ठेवायचे म्हणून ठेवतात.

टॅबलेट बिघडला नव्हता. हेडफोन तिच्या कानाला होता आणि त्याची पिन तिच्या मांडीवर पडली होती. चाळीस मिनिटं पडली होती. तिच्या ते गावीही नव्हतं. इतर मुलं मान डोलावत ऐकत होती, तीही मान डोलावत होती. मग बावीस नंबरच्या पडद्याकडे बघायची, मग दाबायची. मध्येच बाई मागून काही बोलल्या. अख्खा वर्ग वळला, ती वळली नाही. बावीस नंबरनं कोपर लावलं, तेव्हा वळली आणि बाईंच्या ओठांकडे बघत राहिली.

मी आणखी सहा तासांचे व्हिडिओ बघितले. मग लेकुरवाळीला फोन केला.

ती धाकट्याला कडेवर घेऊनच आली. व्हिडिओ लावला तेव्हा तो तिची वेणी ओढत होता आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती म्हणाली, "मावशी, मी अकरा आठवडे त्या वर्गात बसले होते."

"कुठे?"

"मागे. पडद्यावर ठिपके यायचे ना, ते बघत."

मीही ठिपकेच बघत होते.

शुक्रवारी ती सरांकडे गेली. सर रागावले नाहीत, तेच वाईट झालं. प्रबंध म्हणजे कान तपासायचा दवाखाना नव्हे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मर्यादांच्या पानावर एक ओळ घाल, विद्यार्थ्यांची श्रवणक्षमता तपासलेली नाही, बस. ते प्रकरण काढलंस तर मागे राहतं काय? पुठ्ठा आणि आभार. हे मला सांगताना ती हसली, आणि हसता हसता तिनं तोंडावर पदर धरला.

मग तिनं माझ्यासमोर शाळेत फोन लावला. मुख्याध्यापिका आधी ओळखेनात, मग ओळख पटली तशा भरभरून बोलल्या. तुमच्या यंत्रामुळे केवढी शिस्त लागली म्हणाल्या. तेवीस नंबरचं काय, असं विचारताच सांगितलं की तिच्या वडिलांना बोलावून समज दिली होती. वडिलांनी पुढच्याच आठवड्यात नाव काढलं. पत्ता होता. इस्पितळांच्या चादरी धुणारी लाँड्री आहे, तिच्या मागच्या खोल्या.

माझ्या दाखल्याचा कागद टेबलावर होता. आकडे जुळत होते. एकही आकडा खोटा नव्हता. लेकुरवाळीनं तो कागद उचलला, वाचला, परत ठेवला. "मावशी, सही आत्ता नको," ती म्हणाली. "आधी तिला बघून येऊ."

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. लाँड्रीच्या आवारात वाफेचा पांढरा लोट, त्यातून पलीकडे जायचं. मागे खोल्यांची रांग. तिसऱ्या खोलीत तेवीस नंबर जमिनीवर बसून उशांच्या खोळींच्या घड्या घालत होती. एका बाजूला तिच्या उंचीएवढा ढीग, दुसऱ्या बाजूला घड्यांची थप्पी. आईनं आम्हाला खुर्ची पुसून दिली. नवरा बॉयलरवर आहे, संध्याकाळी सुटेल म्हणाली. शाळेतून आलो असं समजून ती आधीच बोलायला लागली. "ताई, आता तसलं काही नाही हो. वर मान करत नाही की कुणाकडे बघत नाही. यांनी सांगितलंय तिला, दुसऱ्याकडे नजर गेली तर बघ. तेव्हापासून खाली मान घालून बसते. फार गुणी झालीय."

मुलगी खरंच वर बघत नव्हती. आम्ही आलो तेव्हा नाही, खुर्ची सरकली तेव्हा नाही. नजर हातांवर आणि हात खोळींवर.

लेकुरवाळीनं विचारलं, लहानपणी काही दुखणं झालं होतं का. आई म्हणाली, सहाव्या वर्षी मोठा ताप आला होता, तेव्हापासून हट्टी झाली. हाका मारून घसा बसतो, ओ देत नाही. ओठ हलले की मात्र टक लावून बघायची, जसं काही तोंडातला घास काढून घेणार. आता तेही सोडलं.

तेव्हा लेकुरवाळीनं आईला सांगितलं. मी दाराशी उभी होते. ती हळू बोलत होती, सोप्या शब्दांत, एकदाही न थांबता. मुलगी हट्टी नाही, नक्कल करणारी नाही. तिला ऐकू येत नाही. डोळे हेच तिचे कान होते, आणि ते आम्ही बंद करवले. आई ऐकत होती. तिनं एकदा मुलीकडे पाहिलं, मग रडेल असं वाटलं, पण ती उठली. फळीवरच्या डब्याखालून चार घड्या घातलेला कागद तिनं काढला. शाळेचं पत्र होतं ते. आलेख होता, तो कडा होता. खाली मुख्याध्यापिकेची सही, तिच्या शेजारी 'संशोधक' म्हणून लेकुरवाळीची.

"यांना तोंडाचं पटायचं नाही," आई म्हणाली. "हा कागद दाखवूनच मारलं होतं तिला. तुम्ही आत्ता म्हणालात ते लिहून द्याल का?"

लेकुरवाळीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं का, मला अजून कळत नाही.

तिनं पिशवीतून वही काढली आणि मांडीवर धरून लिहिलं. माझा निष्कर्ष चूक होता. या मुलीनं नक्कल केली नाही. तिला ऐकू येत नाही, तिचे कान तपासावेत आणि तिला शाळेत परत घ्यावं. खाली सही केली, तारीख घातली, नोंदणी क्रमांक घातला. कागद फाडून आईच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "सोमवारी तुमच्या सहीचं काम नाही, मावशी." कागद फाडताना कोपरा वाकडा गेला होता.

आईनं दोन्ही कागद हातात धरले. "याच्यावर शाळेचा शिक्का नाही," ती म्हणाली. "त्याच्यावर आहे."

पाहते, शाळेत जाते, असं काहीतरी लेकुरवाळी पुटपुटली. मग ती खुर्चीवरून उठली आणि मुलीपुढे जमिनीवर बसली. मुलीची मान खालीच. लेकुरवाळी आणखी वाकली, आणखी वाकली, पार जमिनीला गाल टेकेपर्यंत, मुलीची नजर जिथे होती तिथे तिनं आपला चेहरा नेला. ओठ सावकाश हलवत म्हणाली, "माझ्याकडे बघ, राणी. बघितलं तर चालतं."

मुलीनं डोळे मिटून घेतले. घट्ट, पापण्यांना सुरकुत्या पडेपर्यंत. हात तेवढे थांबले नाहीत. खोळीच्या कोपऱ्याला कोपरा लावत, चाचपत, ते पुढची घडी घालत राहिले.