बाहेरून पांढरा, पोटात अंधार

मित्रांनो, मी एक जुनं कपाट आहे. स्वयंपाकघरातलं. एक म्हटलं तरी माझी एक रांग ओट्याखाली आहे आणि दुसरी ओट्याच्या वर, भिंतीला धरून. पण सुताराने आम्हाला एकाच लाकडातून कापलं आणि एकाच डब्यातलं पॉलिश चोपडलं, म्हणून मी स्वतःला एकच समजतो. माझा रंग गडद तपकिरी. होता, असं म्हणायला हवं. त्याच रागाने आज बोलायला बसलोय, तेव्हा आवाज जरा चढला तर सांभाळून घ्या.

मला घडवणारा सुतार अबोल होता. कानावर पेन्सिल ठेवायचा आणि तीच पेन्सिल घरभर शोधायचा. पण हात असा, की माझं एकही दार कधी कुरकुरलं नाही. पॉलिशची वेळ आली तेव्हा या घरच्या बाई पदर खोचून उभ्या राहिल्या.

"फिकट नको हो. दोन दिवसांत हाताचे डाग दिसायला लागतील. चांगलं गडद करा."

"बाई, एवढं गडद केलं तर खोली लहान दिसेल," सुतार म्हणाला.

"खोली लहानच आहे. दिसू दे!"

झालं. ओटा पांढऱ्या दगडाचा, भिंतीच्या टाइल्स पांढऱ्या आणि मधे मी ठसठशीत तपकिरी. येणारीजाणारी माणसं माझ्यावरून हात फिरवायची. मीही भाव खायचो, खोटं कशाला बोलू?

बाईंचे यजमान बसचालक होते. सगळे त्यांना बाबा म्हणतात, मीही म्हणतो. तेव्हा ते स्वयंपाकघरात यायचे ते फक्त चहाचा कप घ्यायला. मग एका आजारपणात बाई गेल्या. बाबांनी काही दिवस शेजाऱ्यांकडचं जेवण खाल्लं आणि एका सकाळी येऊन माझी सगळी दारं सताड उघडली. "बघू तरी, हिने काय कुठे ठेवलंय," असं मोठ्याने म्हणाले.

सुरुवातीला भाजी करपली, भाताची खळ झाली, दूध तर रोजच उतू जायचं. पण गडी हटला नाही. हळूहळू हात बसला. मिठाचा डबा डाव्या दाराआड, साखर मधल्या, चहा त्याच्या शेजारी. गिअर टाकताना त्यांनी कधी खाली बघितलं नसेल, तसंच इथेही न बघता हात जायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, "चहा प्यावा तर तुमच्याकडेच." बाबा त्या दिवशी उगाचच ओटा दोनदा पुसायचे. बस चालवणं सुटलं, बायको गेली, आता मान ताठ ठेवायला ही एवढीच जागा उरली होती. हे मला ठाऊक होतं, कारण एकटे असले की ते माझ्याशीच बोलायचे.

मग त्यांचे डोळे बिघडले. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढी नजर जपा, गेलेली परत येणार नाही. बाबांना मधोमध धूसर दिसायला लागलं. बाहेरून माझी दारं त्यांना नीट दिसायची. पांढऱ्या भिंतीवरचं एवढं मोठं तपकिरी धूड कुणाला दिसणार नाही? अडचण होती ती दार उघडल्यावर. माझ्या पोटात मिट्ट काळोख. त्यात वरचा दिवा फोडणीच्या धुराने असा चिकट झालेला, की उजेड गाळणीतून गाळल्यासारखा पडायचा. त्या दिव्याला वर्षानुवर्षं कुणी फडकं लावलं नव्हतं. बाबा माझ्यात डोकं खुपसून डबे चाचपायचे. एकदा लेक भेटायला आली आणि चहात पडलं मीठ.

लेक एकुलती एक, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी, जीव लावणारी पण तडकाफडकी निर्णय घेणारी. तिने कप खाली ठेवला.

"बाबा, पुरे झालं. गॅस बंद करू आणि तुम्ही आमच्याकडे चला."

"अगं, एकदा चुकलं म्हणून लगेच?"

"आज मीठ पडलं. उद्या गॅस चालू राहिला तर?"

 बाबांचा हात माझ्या दाराच्या मुठीवर होता. तो असा घट्ट आवळला गेला की मला कळलं, माणूस घाबरलाय. तेव्हा जावई मधे पडला.

"थांब ना जरा. हे किचनच किती अंधारं आहे बघ. ही काळीकुट्ट कपाटं! पांढरा रंग दिला की सगळं कसं उजळ दिसेल. येत्या सुट्टीत मीच देतो."

"ठीक आहे," लेक म्हणाली. "पण त्यानंतरही असंच झालं, तर मात्र गॅस बंद. बाबा, कबूल?"

"कबूल," बाबा म्हणाले.

आणि मी? मला कोण विचारतो! काळीकुट्ट म्हणे! पण स्वतःचं दुःख बाजूला ठेवून सांगतो, मला धडकी भरली ती वेगळ्याच कारणाने. बाबांना मी बाहेरून दिसत होतो, आतून दिसत नव्हतो. आणि हे रंगवणार होते बाहेरून! दुखतंय पोट आणि पट्टी बांधायची कपाळाला, असला प्रकार.

जावई माणूस फार चांगला. तीच तर पंचाईत. वाईट असता तर मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. त्याने रंगाच्या दुकानदाराला विचारलं, ऑफिसातल्या मित्राला विचारलं, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. पांढऱ्यात दुधी घ्यावा की मोतिया, यावर नवराबायकोची चांगली जुंपली. बाबा शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांना कुणी विचारलं नाही.

सुट्टीच्या दिवशी स्वारी जुना शर्ट घालून हजर. व्हिडिओतला माणूस घसा खरवडून सांगत होता, आधी सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढा, मग पॉलिश पेपरने घासा, मग प्रायमर, मग वाळू द्या. जावयाने बोटाने व्हिडिओ पुढे ढकलला. अरे बाबा, ढकलू नकोस! माझ्या अंगावर वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचं तेल आहे! पण ऐकतो कोण? ओलं फडकं फिरवलं, पॉलिश पेपर शास्त्रापुरता घासला आणि पहिला ब्रश माझ्या गालावर ओढला. गार, चिकट, वासट. माझ्या रेषा, माझ्या गाठी, सुताराने जीव लावून जुळवलेला लाकडाचा पोत, सगळं एका फटक्यात गडप. बिजागऱ्या रंगल्या, मुठी रंगल्या, जावयाचं नाकसुद्धा रंगलं.

बाबा दारात येऊन उभे राहिले.

"जावईबापू, दमलात. चहा टाकू का?"

"नको नको बाबा, तुम्ही बसा. कशाला हात लावू नका, ओलं आहे."

"नाही, म्हटलं... फार पांढरं नाही ना होत?"

"उजळच हवंय ना आपल्याला?"

"हो हो. छानच आहे," बाबा म्हणाले आणि भिंतीला धरून परत गेले.

मित्रांनो, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. बोला ना बाबा! बोलायचं सोडून 'छानच आहे' काय?

संध्याकाळी फोटो निघाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, घर ओळखूच येत नाही!" सगळ्यांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

दुसऱ्या सकाळी बाबा आले. हात पुढे केला तो सरळ भिंतीवर आपटला. पुन्हा केला, पुन्हा भिंत. पांढरी भिंत, पांढरा ओटा, पांढरा मी. दार कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, याचा काही पत्ता नाही. चाचपडत मूठ सापडली, दार उघडलं, तर आत तोच जुना काळोख! दार उघडंच राहिलं. बाबा वळले आणि त्याची कड खाडकन कपाळावर बसली. कळवळून त्यांनी हातातला कप ओट्यावर ठेवला. ओट्यावर कसला, ओट्याच्या कडेवर. कप फुटला.

त्यांनी गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा केले, कागदात गुंडाळले आणि कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी घातले. लेकीला दिसू नये म्हणून. त्या दिवशी गॅस पेटला नाही. बाबांनी दूध-पाव खाल्ला.

दुपारी लेकीचा फोन आला.

"काय बाबा, कसं वाटतंय नवं किचन?"

"एकदम झकास! लख्ख!" कपाळावरचं टेंगूळ चोळत बाबा म्हणाले.

मला असा संताप आला! बाबांचाही आला, हो, कशाला लपवू? पुढे कितीतरी दिवस हेच चाललं. रोज दूध-पाव, रोज फोनवर लख्ख. खोली उजळ आणि चूल थंडगार. माझ्यामुळेच घडत होतं सगळं आणि मला साधं कुरकुरताही येत नव्हतं. सुताराने तेवढीही सोय ठेवली नव्हती!

मग व्हायचं तेच झालं. तेलावर चढवलेला रंग कितीसा टिकणार? आधी शेगडीच्या वर, जिथे तेल सगळ्यात जास्त, तिथे फोड आले. मग मुठींभोवती पापुद्रे सुटायला लागले. माझ्या अंगावर जागोजागी तपकिरी ठिगळं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधीच मेकअप वाईट, त्यात तोही अर्धा उतरलेला!

पण एका सकाळी बाबा आत आले, थबकले आणि त्यांनी हात पुढे केला. हात थेट मुठीवर पडला. बाबा उभेच राहिले. मग त्यांनी अंगठ्याचं नख त्या पापुद्र्याखाली घातलं आणि अलगद आणखी थोडा रंग सोलून काढला. शेजारच्या दारावरचाही काढला. रोज थोडं थोडं. चोरासारखे इकडेतिकडे बघत सोलायचे, आपल्याच घरात! आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा शेगडी पेटली.

मग एका सुट्टीला लेक आणि जावई न सांगता आले. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या कपाळाकडे. एव्हाना तिथे एकावर एक दोन खुणा झाल्या होत्या.

"हे काय लागलंय?"

"काही नाही गं. दाराला थोडंसं..."

"थोडंसं? आणि हा हात भाजलाय तो?" तिने बाबांचा हात धरून वर केला. "बाबा, कबूल केलं होतंत ना? मी आजच गॅस बंद करते. मला रात्रीची झोप लागत नाही हो!"

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. जावई बिचारा कावराबावरा झाला. काय करावं न सुचून त्याने उरलेल्या रंगाचा डबा उघडला. "हे निघालेलं तेवढं तरी नीट करतो," असं पुटपुटत त्याने ब्रश बुडवला आणि मुठीजवळच्या ठिगळाकडे नेला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"तिथे नको."

"अहो बाबा, एवढंच तर काळं राहिलंय."

"तेवढंच दिसतं मला."

ब्रशवरून रंगाचे थेंब ओट्यावर पडत राहिले. कुणी पुसले नाहीत.

"म्हणजे?" लेकीने विचारलं. "फोनवर तर लख्ख लख्ख म्हणत होतात!"

"लख्खच आहे गं. नुसतं लख्ख. त्यात भिंत कुठली आणि दार कुठलं, ते कळत नाही. आधी मला दारं दिसत होती, आतले डबे दिसत नव्हते. आता दारंही गेली."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"जावई सुट्टीच्या दिवशी घाम गाळतोय माझ्यासाठी. त्याच्या कामाला मी नावं ठेवू? आणि..." बाबा अडखळले. "विचारलं कुठे कुणी?"

 जावई स्टुलावर बसला. ब्रश डब्यावर आडवा ठेवला. मग म्हणाला, "बाबा, आता विचारतो. काय करू?"

"बाहेरचा रंग काढा. आणि पांढरा द्यायचाच असेल तर कपाटाच्या आत द्या. डबे तरी दिसतील. आणि हो, तो वरचा दिवा पुसा एकदा!"

शाब्बास, बाबा! एवढंच तर मी इतके दिवस मनातल्या मनात ओरडत होतो.

या वेळी व्हिडिओ पुढे ढकलला गेला नाही. सोड्याचं पाणी झालं, खरवडणं झालं, पोटात पांढरा रंग झाला, दिव्याचं तेल निघालं. लेक गॅसपाशी उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "आता सगळे डबे काढून दाखवा." बाबांनी दारं उघडली, एकेक डबा काढून तिच्यासमोर ठेवला, न चाचपता. शेवटच्या डब्याला तिने डोळ्यांना पदर लावला आणि गॅस तसाच ठेवला. दर सुट्टीला येऊन बघणार, एवढी अट घातली.

आता माझी अवस्था काय विचारता? सुताराचं पॉलिश गेलं ते गेलंच, खालचं तपकिरी लाकूड तेवढं उरलंय. फटींमध्ये पांढरा रंग अडकलाय तो निघत नाही. माझी चिडचिड अजून गेलेली नाही आणि जाईलसं वाटत नाही. पण तुमच्याकडे एक मागणं आहे, तेवढं ऐका. आपल्या माणसासाठी काही करायला निघालात तर जगाला विचारण्याआधी त्याला विचारा. आणि तो 'छानच आहे' म्हणाला, तर मित्रांनो, पुन्हा एकदा विचारा.