तीस हजार ओठ

गोपिकाची पेटी दारात आली होती आणि उमरेडच्या बसकरता रिक्षा बाहेर उभी होती. महिन्याच्या लेकीसकट सुनेला कायमचं माहेरी धाडायचं, असं वच्छलाबाईंनी ठरवलं होतं. आणि त्यांनी एकदा ठरवलं की हातमागावर बसणाऱ्या श्रीधरची, म्हणजे त्यांच्या लेकाची, काय बिशाद! नातीचा वरचा ओठ जन्मतःच नाकापर्यंत दुभंगलेला. ऐंशी सालच्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण लागलं, तेव्हा गोपिकाला दिवस गेलेले. साऱ्या गल्लीचे माग बंद, आणि या बयेनं मागावरचा लोंबता धागा कात्रीनं कापला. गर्भारशीनं ग्रहणात कापलं की बाळाला व्यंग येतं, हे कोष्ट्यांच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. झालं, निकाल लागला.

तेवढ्यात प्रेमिला सिस्टर सायकलवरून उतरल्या. गोपिकाचं बाळंतपण त्यांच्याच दवाखान्यातलं. बाई म्हणजे अजब चीज! नऊ वर्षं, ड्यूटी संपली तरी घरी न जाता, रजिस्टरातलं एकेक बाळ त्या आपल्या शाळकरी वहीत उतरवत. शेवटी पट्टीनं स्वतः आखलेला एक रकाना, फाटक्या ओठाचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार वाढवला नव्हता. बाकीच्या नर्सा हसायच्या. हसेनात का! जग असल्या चिवट माणसांच्या जिवावर चालतं, आपल्याला तर दुसरं काही दिसत नाही.

सिस्टरांनी वही उघडली. नऊ हजार बाळंतपणं, त्यांत अशी बाळं बारा. प्रत्येक आईला त्यांनी ग्रहणाचं खोदून खोदून विचारलं होतं. दहाजणींनी गरोदरपणात ग्रहण पाहिलंही नव्हतं की ग्रहणात काही कापलंही नव्हतं. मग मोठ्या डॉक्टरांनी सांगितलेला देशाचा आकडा त्यांनी सांगितला.

"दरसाल तीसेक हजार लेकरं अशी जन्मतात, वच्छलाबाई. गोपिकाच्या एका कात्रीनं एवढ्यांचे ओठ कापले का?"

बाळाचं वजन वाढलं की मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ओठ शिवून देतात, तोवर चमच्यानं पाजायचं, हेही त्या सांगत होत्या. वच्छलाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या मागाला टेकून खाली बसल्या.

"सिस्टर, माही पोरगी धरली का ह्याच्यात? सत्तेचाळीसची?"

घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. श्रीधरच्या आधीची लेक, असाच ओठ. तिला दूध ओढता येईना, अकराव्या दिवशी गेली. ग्रहणात वांगं चिरलंस म्हणून सासूनं ठपका ठेवला. तेव्हापासून तेहतीस वर्षं बाईंनी वांग्याला हात लावला नव्हता. घरचे समजत, यांना आवडत नाही.

सिस्टरांच्या वहीत घरची बाळंतपणं नव्हती. त्यांनी शेवटचं कोरं पान काढलं आणि नाव विचारलं.

"नाव ठेवाचंच राहून गेलं."

सिस्टरांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: वच्छलाबाईंची मुलगी, १९४७. आईचा दोष नाही.

बाईंनी ते दोनदा वाचायला लावलं. मग पदर तोंडाला लावून त्या पोटभर रडल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "श्रीधर, रिक्षा वापस कर गा. आन् गोपिका, चमचा आण वं. पोरीले मी पाजतो."