मावळतीआधीचं दूध

सून गोळ्या बदलून राह्यली, अशी खूणगाठ लाडबाईनं मनाशी पक्की बांधली होती. न्हाई तर काय! सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या गोळीवर तिचे यजमान आदिनाथजी नवीन जालन्यातल्या आपल्या बियाण्यांच्या दुकानापर्यंत चालत जायचे, आणि संध्याकाळी त्याच माणसाचे पाय उंबऱ्यात खिळून बसायचे. कंपवाताची गोळी एकच, डबीही एकच. आणि डबी भरतं कोण? एकता!

त्यात परवा लाडबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. घरात चौविहार, सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंबही न्हाई. म्हणून रात्रीची गोळी लाडबाई मावळतीआधीच सायीच्या दुधाबरोबर द्यायची. तिची पाठ फिरली असं समजून एकतानं तो भरला पेला गुपचूप मोरीत ओतला. लाडबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी शिकलेली सून, आणि सासऱ्याच्या तोंडचं दूध काढते!

त्या दिवसापासून ती स्वतः समोर बसायला लागली. "प्या, बराबर प्या. माझ्यासमोर." आदिनाथजी एकदा सुनेकडं बघायचे आणि मुकाट्यानं पेला रिकामा करायचे. आठव्या संध्याकाळी ते दारातच कोसळले. कपाळाला तीन टाके पडले.

मेंदूच्या डॉक्टरांपुढं लाडबाईनं डबी आपटली. "हिनं काय भरलंय ते तपासा!"

डॉक्टरांनी गोळ्या उलटून पाहिल्या. "अगदी बरोबर आहेत. घेतात कशाबरोबर?"

"सायीच्या दुधाबरोबर. मी देते, माझ्या हातानं."

"तिथंच घोटाळा आहे, आजी. हालचालीचं रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरत चालल्यात, ती कसर गोळी भरून काढते. पण गोळी आणि दुधातलं प्रोटीन एकाच दारानं आत जातात. दुधाची गर्दी झाली की गोळी बाहेरच अडकते. गोळी नुसत्या पाण्याबरोबर द्या, दूध तासाभरानं. गेल्या वेळी सूनबाईंना सांगितलं होतं मी."

लाडबाईचं तोंड उतरलं. "मंग मला का न्हाई सांगितलं गं?"

"पप्पाजींनी शपथ घातल्ती, मम्मीजी." एकतानं डबी उचलून घेतली. "म्हणाले, बेचाळीस वर्षं तिच्या हातचं दूध पिऊन राह्यलो. त्यानंच माझे पाय आखडतात हे कळलं, तर ती अन्नाला शिवायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता लाडबाईनं त्याच पेल्यात पाणी भरलं. आदिनाथजींनी हात पुढं केला, पण तिनं पेला सुनेकडं दिला.

"तूच दे," ती म्हणाली. "माझा माझ्यावर भरवसा न्हाई राह्यला."